छिन्नीचा रंग

पाथरवटकाका आले ते नेहमीसारखे दारातूनच ओरडत.

"लोहारदादा, एक हातोडी हवी. पण पाणी जरा शुद्धीत असताना द्या हो! थंडी पडली की अजून दंड ठणकतो माझा."

"अकरा वर्षं झाली, बुवा," बाबा म्हणाले. "दंडातला तुकडा डॉक्टरांनी काढला, जिभेवरचा काढायला विसरले वाटतं."

दोघं खो खो हसले. भात्याची मूठ फिरवणारी मुलगी मात्र निखाऱ्यांकडे बघत राहिली. हा विनोद निघाला की गेली अकरा वर्षं ती निखाऱ्यांकडेच बघायची. आठवड्याचे सहा दिवस ती छापखान्यात मुद्रितं तपासायची, दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवायची. सातव्या दिवशी बाबांच्या हाताखाली राबायची. पण तिची स्वतःची एक चूक बाबांच्या नावावर जमा होती, आणि ती तिनं कधी दुरुस्त केली नव्हती.

तेव्हा ती सोळा वर्षांची होती. हातोडी घडवून झाली की तिला 'पाणी' द्यावं लागतं. लालबुंद तापवून तिचं तोंड तेवढं पाण्यात बुडवायचं. ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. मग ते झटपट घासून चकचकीत करायचं आणि डोळा न हलवता बघत राहायचं. मागच्या अंगातली धग हळूहळू पुढे सरकते आणि तोंडावर रंग चढत जातात. आधी वाळल्या गवताचा, मग तपकिरी, मग जांभळा. हवा तो रंग आला की पुन्हा पाण्यात. छिन्नीला गवती रंगावर थांबायचं. हातोडीला मात्र थेट जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचं, म्हणजे तिचा ठिसूळपणा जातो.

त्या दिवशी बाबा दारात कुणाशी तरी बोलायला गेले. जाताना म्हणाले, "एवढं बघ गं." तिचं मन घरी उघड्या ठेवलेल्या कादंबरीत होतं. गवती रंग दिसला आणि तिनं हातोडी बुडवून टाकली. छिन्नीचा रंग हातोडीला दिला.

चौथ्या दिवशी काठाचा टवका उडून पाथरवटकाकांच्या दंडात घुसला. फुटलेली हातोडी समोर आली तेव्हा बाबांनी तो काठ बोटानं चाचपला, एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बुवा, हात चुकला माझा."

त्यानंतर तो विषय त्यांनी तिच्याशी कधी काढला नाही. तिनंही नाही.

आताही दोघांनी काम सुरू केलं. जुन्या गाडीच्या आसाचा तुकडा तापवला. सांडशी बाबांच्या हातात, घण तिच्या. "कोपऱ्यावर. अजून एक. आता हळू, ते लोखंड आहे, तुझा संपादक नव्हे." संध्याकाळपर्यंत दांड्याचं भोक पडलं, दोन्ही तोंडं चौरस झाली. बाबांनी हातोडी सावकाश निवायला राखेत पुरली, सांडश्या खिळ्यांना अडकवल्या, हात धुतले. "पाणी उद्या देऊ," म्हणाले.

सकाळी ते उठले नाहीत.

आठवडाभरानं आत्यानं विषय काढला. "विकून टाक सगळं. त्या ऐरणीशी लग्न लावणारेस का?"

"आधी ती हातोडी पुरी करते."

"तू? अगं, पाणी दिलंयस का कधी जन्मात?"

"एकदा," ती म्हणाली.

छापखान्यातून तिनं दोन आठवड्यांची रजा घेतली. रोज भट्टी पेटवण्याआधी अवजारं पुसायची, कानशींच्या दातांत अडकलेला कीस ब्रशनं झाडायचा, दांड्यांना जवसाचं तेल चोळायचं. घणाचा दांडा सैल झाला होता. लोक असा दांडा पाण्यात भिजवून घट्ट करतात, त्याचा बाबांना भारी राग. "वाळला की दुप्पट सैल होतो. पाचर मार, पाचर!" तिनं नवी पाचर तासली आणि मारली.

मग आसाच्या उरलेल्या तुकड्यांवर ती पाणी शिकायला बसली. पहिल्यावर रंग निळ्याच्याही पुढे निघून गेला. दुसरा तिनं खोलवर बुडवला, तो तडकला. तिसऱ्यावर रंग दिसलेच नाहीत. चौथ्यालाही तेच झालं तेव्हा ती मटकन खाली बसली, आणि एव्हाना ऐरणीपर्यंत आत आलेलं ऊन तिला दिसलं. दाराचं शटर तिनं पूर्ण वर केलं होतं. पाणी देताना बाबा ते नेहमी अर्धं ओढून घ्यायचे. लहानपणापासून तिला वाटायचं, रस्त्यावरची धूळ नको म्हणून. खरं तर उन्हात हे रंग डोळ्याला दिसतच नाहीत.

तिनं शटर अर्धं ओढलं. पाचवा तुकडा बरा निघाला, सहावा, सातवाही. सातवा तिनं ऐरणीच्या कोपऱ्यावर दातओठ खाऊन आपटला. टवका उडाला नाही.

दुसऱ्या दिवशी राखेतली हातोडी काढली. तापवली, तोंड बुडवलं, घासलं. गवती रंग आला. हात शिवशिवला, पण तिनं तो आवरला. तपकिरी आला. जांभळ्याची पहिली रेघ काठावर उमटली, आत सरकली, सगळ्या तोंडावर पसरली, आणि तेव्हाच तिनं हातोडी बुडवली. मग दुसरं तोंड. मग दांडा, पाचर, तेल.

पाथरवटकाका आले ते या वेळी न ओरडता. टोपी त्यांनी काढून हातात घेतली होती. हातोडी त्यांनी तळहातावर तोलली, दांड्यावरून अंगठा फिरवला.

"शेवटची त्यांच्या हातची," ते म्हणाले. "पाणी देऊन ठेवलं होतं ना त्यांनी?"

ती भात्याची मूठ फिरवत राहिली.

"नाही, दुसऱ्या कुणाचं असतं तर मी हात लावला नसता, पोरी. चाळीस वर्षांत एकदाच चुकला गं त्यांचा हात. मी मेला उगाच चिडवत राहिलो."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. काका हातोडी घेऊन गेले असते, बाबांच्या नावानं ती वर्षानुवर्षं वापरली असती. आणि तो 'एकदाच'ही तसाच राहिला असता.

तिनं भाता थांबवला, म्हणजे नीट ऐकू जावं.

"काका, घडवली त्यांनी. पाणी मी दिलंय. नको असेल तर इथंच ठेवा, माझी तक्रार नाही." तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "आणि ती फुटलेली, तिलाही पाणी मीच दिलं होतं. तुमच्या दंडात गेला तो तुकडा माझा. बाबांचा हात कधीच चुकला नव्हता."