फिका अर्क

शिवथरच्या दीपेशने मोबाइलवर बघून बघून मधमाश्यांच्या डिंकाचा अर्क केला. माश्या फटी बुजवायला लावतात तो डिंक पेट्यांतून खरवडून त्याने स्पिरिटमध्ये भिजवला आणि वर मापून थोडं पाणी घातलं. पंधरा दिवसांनी गाळला, तर कोऱ्या चहासारखा फिका. चुलत बहीण सेजलने नुसत्या स्पिरिटात भिजवलेला मात्र काळाकुट्ट. तो बघून दीपेशच्या पोटात दुखायला लागलं. माश्या पाळायला हिला आपणच शिकवलं, आणि आता हिचा अर्क कडक, हीच पुढे जाणार.

महाडच्या कॉलेजात दोन्ही अर्क जंतूंवर टाकून बघणार होते. ज्याचा सरस ठरेल, त्याच्याकडूनच गुरांचे डॉक्टर जखमेच्या मलमासाठी घेणार होते. दोघांच्याही बाटल्या खोकल्याच्या औषधाच्या, तपकिरी काचेच्या. एसटीत सेजलला डुलकी लागली, तशा दीपेशने रबराने लावलेल्या नावाच्या चिठ्ठ्या गुपचूप बदलल्या.

तिसऱ्या दिवशी कॉलेजातल्या मॅडमनी दोन बशा पुढे ठेवल्या. सेजलच्या नावाच्या बशीत जंतू मेल्याचं रुपयाएवढं स्वच्छ कडं पडलेलं. दीपेशच्या नावाच्या बशीत जेमतेम रेघ.

"सेजल, स्पिरिटात पाणी घातलंस ना? म्हणून मेण कमी उतरलं आणि औषध जास्त," मॅडम म्हणाल्या.

"पानी? मी नाय घातला." सेजल दीपेशकडे वळली. "दादा, पानी तू घातलेलास ना रे?"

दीपेश हो म्हणता म्हणता थांबला. हो म्हटलं तर चिठ्ठ्या बदलल्याचं उघडं पडणार.

"नाय गो," तो म्हणाला. "मी कशाला पानी घालू?"

मॅडमनी डॉक्टरांना द्यायच्या कागदावर सेजलचं नाव लिहिलं.