उघडी रेघ

"श्वास आत घ्या. धरून ठेवा." त्याने कळ दाबली. "हां, सोडा आता. झालं."

म्हातारबुवा सदरा चढवत होते, तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाइल थरथरला. मुलीचा फोन होता.

"बाबा, आई पडली. जिन्यावरून. पुढचा पाय गेला बहुतेक."

"हाड बाहेर आलंय?"

"नाही. पण लोंबतोय नुसता. तिला उठताच येत नाहीये."

"हलवू नकोस. खालचा टेम्पोवाला आहे का बघ. त्याला म्हणावं मागच्या दाराने आण. मी थांबतो."

पडली ती त्याची बायको. आणि पुढचा पाय म्हणायचे कारण इतकेच, की ती सध्या हरिणी होती.

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या त्या एका खोलीत त्याची निम्मी हयात गेली होती. लोक एक्स-रेला फोटो म्हणतात, म्हणून त्याला सगळे फोटोवाले म्हणत. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत. त्याच्या घरात पालट आहे हेही सगळ्यांना ठाऊक होते. त्याबद्दल कोणी तोंडावर बोलत नसे, पण डब्यातले एकमेकांना वाटताना त्याच्या डब्यात मात्र कोणी हात घालत नसे. पालट उष्ट्याने लागत नाही हे शिकलेल्या माणसांनाही पटत नाही. तो फक्त रक्तातून येतो. आईला किंवा बापाला असला की मुलाला निम्मी शक्यता, नाणे उडवल्यासारखी. जनावर कोणते, तेही घराण्याबरोबर येते. हिच्या माहेरी हरीण होते. तिच्या वडिलांना पालट होता, त्यांच्याकडून हिला आला, आणि धाकट्या भावाला आला नाही. तो दूर कुठेतरी सुखात होता आणि बहिणीला फोन करत नव्हता.

लग्न ठरवताना सासूबाईंनी त्याला आडवळणाने काही सांगितले नाही. समोर बसवून म्हणाल्या, "आमच्या मुलीला आहे. अजून काही झालेलं नाही, पण होणार. तिचे वडील शेवटी परत आले नाहीत. हे ऐकून उठून गेलात तर मी राग धरणार नाही." तो उठला नाही. घरी जाऊन आईच्या शिव्या खाल्ल्या आणि लग्न केले.

सुरुवातीची काही वर्षे काहीच झाले नाही. मग एका दुपारी ती शिवणयंत्रावरून उठली ती चार पायांवर, आणि संध्याकाळी पुन्हा दोन पायांवर आली. माणसाचे जेवढे वजन तेवढेच जनावराचे; त्यामुळे स्वयंपाकघरात एक भलीमोठी हरिणी उभी, आणि वळायला जागा नाही. त्या पहिल्या पालटात तिने टेबलावरचा पेपर खाल्ला होता. नंतर तो कुरकुरला, मी वाचला नव्हता म्हणून, तर ती म्हणाली, "तुम्ही बातम्या नुसत्या चघळता. मी गिळल्या."

पण परत येणे फुकट होत नसे. प्रत्येक पालटानंतर काहीतरी तिकडेच राहून जाई. बोटांचा खूर होतो आणि खुराची पुन्हा बोटे होतात, पण ती पहिल्यासारखी वळत नाहीत. ती शाळेचे गणवेश शिवून द्यायची. आधी तिला काजे करता येईनात, मग सुईत दोरा ओवता येईना, मग यंत्रावर चादर पडली ती पडलीच. त्यानंतर शब्द जाऊ लागले. पंख्याला ती 'ते वरचं' म्हणू लागली. एकदा मुलीला हाक मारायला तोंड उघडले आणि तसेच उघडे राहिले. पालटाचे दिवसही लांबत गेले. या वेळची हरिणी उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाली होती आणि आता थंडी पडू लागली होती.

टेम्पो मागच्या दाराला लागला. मावशींनी आधीच दार उघडून धरले होते. मुलगी मागे बसली होती, आईचे डोके मांडीवर घेऊन. तिच्या ओढणीने पाय बांधलेला. हरिणीच्या नाकपुड्या फुलत होत्या, पण आवाज नव्हता. हरणे कण्हत नाहीत.

तातडीच्या विभागातला नवा डॉक्टर दारातच आडवा आला. "अहो, हे इथे कसं चालेल? बाकीचे पेशंट आहेत. जनावरांच्या दवाखान्यात न्या."

"माझी बायको आहे, साहेब. पालट आहे."

डॉक्टर गोरामोरा झाला. त्याने हाडांच्या डॉक्टरांना बोलावले. हे डॉक्टर जुने. फोटोवाल्याबरोबर त्यांनी हजारो हाडे पाहिली होती. त्यांनी वाकून पाय चाचपला.

"पालटून किती दिवस झाले?" त्यांनी विचारले.

"उन्हाळ्यापासून अशीच आहे."

"मग आधी रेघ बघू. उघडी असली तर मी हिला वरती खोली देतो, कोण काय म्हणतं ते मी बघेन. परत येताना हाड नव्यानं घडतंच. मोडलेलंही जुळून येतं. मिटली असली तर मात्र..." ते थांबले. "तुम्हाला मी काय सांगणार. काढा फोटो."

त्याला खरोखरच सांगायला नको होते. लहान मुलांच्या हाडांच्या टोकाशी एक काळी रेघ दिसते. हाड तिथून वाढते. वाढ संपली की ती मिटते आणि हाड एकसंध होते. पालटवाल्यांची रेघ मिटत नाही. ती उघडी असते म्हणूनच हाड इकडचे तिकडे होऊ शकते. आणि ज्या दिवशी ती मिटते त्या दिवशी माणूस जिथे असेल तिथेच राहतो.

टेबलावर ठेवताच हरिणी धडपडू लागली. गुंगीचे औषध अशा वेळी देत नाहीत, हृदय थांबते.

"मी धरते," मुलगी म्हणाली.

त्याने तिच्या अंगात शिशाचा जड झगा घातला. "हात जरा वर धर. नाहीतर चौकटीत येईल."

"वर धरला तर ती पाय हलवतेय, बाबा. इथेच धरायला लागेल."

तो काचेच्या मागे गेला. हरिणीचा पाय टेबलावर आपटत होता. रोज ज्या आवाजात तो लोकांना थांबायला सांगे तो आवाज आज लागेना. मग घरच्यासारखाच म्हणाला, "अगं, जरा थांब ना."

ती थांबली. समजून की दमून, ते कोण सांगणार? त्याने कळ दाबली.

पडद्यावर चित्र उमटले. तिथे तो एकटाच होता. मुलगी आत आईला थोपटत होती. आधी मोडलेल्या जागेकडे बघायचे त्याला धाडस झाले नाही, म्हणून त्याने वरचे टोक पाहिले, मग खालचे. दोन्हीकडे हाड पांढरेशुभ्र, एकसंध. रेघ कुठेच नव्हती. कधी मिटली असेल? त्याला वाटले, परवा ती खिडकीशी उभी राहून आपल्याकडे बघत होती तेव्हा तरी उघडी होती का?

मग त्याची नजर चित्राच्या कडेला गेली. तिथे मुलीचा पंजा आला होता. पाच बोटे आणि मनगट, आईच्या पायाला धरलेले. आणि मनगटाच्या हाडावर, बारीक पेन्सिलीने ओढावी तशी, काळी रेघ.

मुलीने आजवर कधी फोटो काढू दिला नव्हता. लहानपणी रेघ सगळ्यांचीच उघडी असते, तेव्हा काढून उपयोग नव्हता; आणि मोठी झाल्यावर ती म्हणाली होती, "मला नको. कळलं की त्याच्याकडेच बघत बसावं लागतं." त्याने कधी भरीला घातले नाही. ती एका छापखान्यात कामाला होती, तिथल्याच एकाशी तिचे जमत आले होते. वय असे, की कोणाचीही रेघ केव्हाच मिटून जायला हवी.

पडद्यावरचे चित्र कापता येते. हाताएवढा भाग चौकटीबाहेर ढकलला की झाले. रोज तो बाकीच्यांच्या चित्रांवर हेच करी. त्याने माऊस तिथवर नेला. आणि तसाच बसून राहिला. मागे दार वाजले. मुलगी आत आली होती, मावशींना आईजवळ बसवून.

ती त्याच्या खांद्यावरून बघत राहिली. लहानपणापासून या खोलीत वावरलेली. तिला वाचून दाखवायची गरज नव्हती.

"आईची मिटलीये," ती म्हणाली.

"हो."

"आणि हा माझा हात."

"हो."

तिने पडद्यावरच्या त्या काळ्या रेघेवर बोट ठेवले. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं. निम्मी शक्यता आहे म्हणून. तरी मला होऊ दिलंत."

"मला भीती वाटत होती. मी तिला नको म्हणालो होतो."

"मग?"

"ती म्हणाली, मी जन्मले नसते तर बरं झालं असतं का, ते आधी सांगा. मग आपण मुलाचं ठरवू." तो पडद्याकडे बघत म्हणाला, "मला सांगता आलं नाही."

"आणि आज कोणी विचारलं तर?"

त्याने काचेतून पलीकडे पाहिले. मावशी हरिणीच्या मानेवरून हात फिरवत होत्या.

"आजही नाही येत," तो म्हणाला.

मुलीने शिशाचा झगा काढला आणि खुंटीला नीट लावला. मग ती पुन्हा आईजवळ जाऊन बसली.

हाडांच्या डॉक्टरांनी चित्र पाहिले. पायाचे तीन तुकडे झाले होते. प्लास्टरमध्ये हरीण जगत नाही. खाणे सोडते, घाबरून घाबरून झिजत मरते. पडद्याच्या कडेचा हात त्यांनाही दिसलाच असणार. त्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही. नुसते म्हणाले, "मीच फोन करतो जनावरांच्या डॉक्टरांना. इथेच बोलावतो. तिला आता कुठे हलवायला नको."

जनावरांचे डॉक्टर आले. स्थूल, धापा टाकणारे, हळू बोलणारे गृहस्थ. पिशवी उघडण्याआधी ते टेबलाजवळ स्टुलावर बसले आणि मुलीला म्हणाले, "तुम्ही काय म्हणता यांना?"

"आई."

"आई," ते हरिणीच्या कानाशी वाकून म्हणाले, "जरा टोचेल हं. मग काही दुखणार नाही."

मुलीने डोके धरले होते. त्याने मागच्या खुरावर हात ठेवला. तेवढीच जागा उरली होती. खूर गार होता. श्वास एकदा मोठा आला, मग लहान, मग आलाच नाही. परत न आलेले मेल्यावर तरी माणसात येतात, असे काही जण सांगत. तसे काही झाले नाही. टेबलावर हरिणीच होती.

दारातून कोणीतरी डोकावून विचारले, "फोटोवाले, मेलेल्या जनावरांची गाडी सांगू का? तासाभरात येते."

"शववाहिका सांगा," तो म्हणाला.

"अहो, ते नेणार नाहीत. उगीच वाद होईल."

"होऊ दे."

मावशींनी कपाटातून कोरी चादर काढली. तिघांनी मिळून तिला गुंडाळले. माणसाला गुंडाळायची सवय असलेल्या मावशींचे हात पायांशी अडखळले. चारही पाय लांबडे, कुठे दुमडावेत कळेना. शेवटी मुलीनेच ते एकेक करून पोटाशी घेतले, मोडलेला सगळ्यांत शेवटी, आणि चादरीची टोके बांधली.

शववाहिकेचा ड्रायव्हर उतरला, स्ट्रेचरकडे बघून घुटमळला. चादरीखाली काय आहे ते आकारावरून लपत नव्हते. "कोण गेलं?" त्याने विचारले.

"माझी बायको."

ड्रायव्हरने एकवार मुलीकडे पाहिले, मग गाडीची मागची दारे उघडली. "डोकं पुढच्या बाजूला घ्या," एवढेच म्हणाला आणि स्ट्रेचरचे एक टोक स्वतः उचलले.

आत दोघे समोरासमोर बसली. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा मुलगी म्हणाली, "छापखान्यातल्या त्याला मी सांगेन. तुम्ही मध्ये पडू नका."

"नाही पडणार."

"तो उठून गेला, तर जाऊ द्या त्याला."

"हं."

बाजाराच्या चौकात बरीच गर्दी होती. शववाहिका दिसताच पोलिसाने हात करून दोन्हीकडची वाहने थांबवली. फळवाल्याने हातगाडी मागे ओढली. सायकलवरून चाललेला एक माणूस खाली उतरला आणि गाडी जाईपर्यंत सायकल धरून उभा राहिला. आत कोण आहे ते त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. गाडी हळूहळू चौकातून पार झाली, आणि मागे वाहने पुन्हा सुरू झाली.