डब्यावरची तारीख

आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, तामसीच्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या रुख्मिणीबाईंना जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेवर सभासद म्हणून घेतलं, ते २००६ साल होतं. कलेक्टर अध्यक्ष, बाकी खात्याखात्यांचे अधिकारी, आणि लोकांमधून निवडलेले थोडे जण. परिषद कोणाला दंड करत नाही की निकाल देत नाही. ग्राहकाला त्याचा हक्क समजावून सांगायचा आणि गावात काय चाललंय ते वरच्यांच्या कानावर घालायचं, एवढंच तिचं काम. रुख्मिणीबाईंनी ते मनावर घेतलं. शाळा सुटली की बचतगटाच्या बायांमध्ये बसून त्या बिस्किटाचा पुडा फिरवायच्या. ही किंमत, हे वजन, ही तारीख. उलटलेली तारीख दिसली तर माल परत द्यायचा.

दिवाळीनंतर एका सकाळी पद्मिनी त्यांच्या दारात आली. दहावी शिकलेली, गटातली सगळ्यात धाकटी. कडेवर मलूल झालेलं पोर आणि हातात बाळाच्या खाऊचा डबा.

"मॅडम, याले आदिलाबादले सलाईन लावा लागलं. घरी येऊन मंग डबा पाह्यला. तारीख कवाच गेली."

"कोणाकडून घेतला?"

पद्मिनी जरा थांबली. "अमृतकाकाकडून."

रुख्मिणीबाईंच्या हातातला डबा एकदम जड झाला. त्यांची आई, ताराबाई, लोकांच्या शेतात मजुरीला जायची. तेव्हा बाकीचे दुकानदार दलित वस्तीतल्या बायांना सामान ओट्यावर टाकून द्यायचे आणि त्यांच्याकडून पैसे घ्यायच्या आधी त्यावर पाणी शिंपडायचे. अमृतराव एकटेच तसं करत नव्हते. पुडी बांधून ते आईच्या हातात देत आणि 'बस थोडी, उन्हाची आली' म्हणत. आई गेली तेव्हा हा म्हातारा बौद्धविहारापर्यंत चालत आला होता.

दुपारी त्या दुकानात गेल्या. गिऱ्हाईक नव्हतं. अमृतरावांनी पायाच्या आवाजावरूनच ओळखलं.

"ये बाई. शाळेले सुट्टी हाय का आज?"

त्यांनी डबा पुढे ठेवला. "काका, याच्यावरची तारीख वाचून सांगा बरं."

अमृतरावांनी डबा उचलला, फिरवला, डोळ्यांजवळ नेला. "पुढच्या सालाची हाय."

डबा त्यांनी उलटा धरला होता.

रुख्मिणीबाई स्टुलावर बसल्या. मग त्यांनी बाळाचं सांगितलं. अमृतरावांनी डबा खाली ठेवला.

"कसं हाय लेकरू?"

"आता बरं आहे. काका, कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

"दोन-तीन सालं झाले. कडेकडेनं अंधार येऊन राह्यला. तांदूळ, डाळ हातानं समजते मले. डबे समजत नाई."

"सांगितलं काऊन नाही कोणाला?"

"पोरानं दुकान बंद करून मले निजामाबादले नेलं असतं. तिथं मले कोन ओयखते?"

"काका, परिषदेची बैठक आहे. मला हे तिथे सांगावं लागेल."

"सांग ना मंग."

"तुमचं नाव विचारतील."

"नाव सांग." त्यांनी मान वर केली. "तुह्या मायच्या हातात सौदा देत होतो, त्याची परतफेड मागून राह्यलो काय मी? लेकरू मेलं असतं, बाई."

संध्याकाळी ते पद्मिनीच्या घरी गेले. रुख्मिणीबाई बरोबर होत्या, पण अमृतरावांनी हात धरू दिला नाही. भिंत चाचपत गेले. पद्मिनीची सासू द्वारकाबाई अंगणातच होती. तिने मनातलं सगळं बोलून घेतलं आणि अमृतरावांनी ते उभ्यानंच ऐकलं. ती थांबल्यावर म्हणाले, "चूक माही हाय. दिसत नाई हे मले ठाऊक होतं, तरी विकत होतो."

द्वारकाबाईला हे नवीन होतं. तिने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि सुनेला म्हणाली, "खाट टाक वं."

बैठकीत रुख्मिणीबाई हिंदीत बोलल्या, मध्ये अडलं तिथे तेलुगू. दुकानाचं नाव सांगताना आवाज बारीक झाला, पण सांगितलं. तारखा इतक्या बारीक आणि फिक्या छापतात की धड डोळ्यांच्या माणसालाही दिसत नाहीत, हेही त्या बोलल्या. कलेक्टरांनी राज्य परिषदेला तसं लिहायला सांगितलं. ते लिहिणं पुढे कुठे पोचलं, ते रुख्मिणीबाईंना कधी कळलं नाही. तपासनीस मात्र लगेच आले. अमृतरावांनी त्याआधीच जुना माल बाजूला काढून ठेवला होता, पद्मिनीकडून वाचून घेऊन. तपासनिसांनी तो नष्ट केला आणि समज दिली.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती, थेंब टाकत राहिले तर उरलेली टिकणार होती. बसमधून परत येताना अमृतराव खिडकीकडे तोंड करून बसले. रुख्मिणीबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. या वेळी त्यांनी तो काढला नाही.

"दुकान बंद करा लागन आता," ते म्हणाले.

बंद करावं लागलं नाही. पद्मिनी स्वतःहून आली. दुपारी घरचं काम आटोपलं की ती दुकानात बसायला लागली, पगारावर. नवा माल आला की ती एकेक डबा हातात घेऊन तारीख वाचायची आणि अमृतराव लवकर संपणारा माल पुढच्या फळीवर लावायचे. फळ्या त्यांना पाठ होत्या.

एकदा रुख्मिणीबाई साखर घ्यायला गेल्या तेव्हा बाळ आतल्या बाजूला, तांदळाच्या पोत्यांमध्ये टाकलेल्या गोधडीवर झोपलं होतं. त्यांनी नेहमीच्या आवाजात "काका" म्हणून हाक मारली.

"हळू बोल बाई," अमृतराव म्हणाले. "आताच झोपलं ते."