नेहमीचे पंच

निर्मलकुमारांचं भांड्यांचं दुकान पोलीस ठाण्याच्या बरोबर समोर, आणि तेवढ्याच पुण्याईवर ते पंच झाले. पोलिसांनी काही जप्त केलं की दोन तिऱ्हाइतांनी ते डोळ्यांनी बघावं आणि पंचनाम्यावर सही करावी, असा कायदा. पण धंद्याच्या माणसाला दिवसभर पोलिसांमागं हिंडायला वेळ कुठला? म्हणून किरण हवालदार लिहून झालेला कागद घेऊन रस्ता ओलांडायचे, चहा प्यायचे, आणि शेठ गल्ल्यावर बसूनच सही ठोकायचे. बारा वर्षं हे असंच चाललं होतं. सरकारी कामाला हातभार, अशी शेठची समजूत. शिवाय दुकानाची पातेली भर रस्त्यात मांडलेली असत आणि ठाण्यातल्या कुणालाही ती दिसत नसत, हेही होतंच.

कधीमधी कोर्टात जावं लागे. आरोपीचा वकील ठरलेला प्रश्न विचारी, की काहीही न बघता तुम्ही सही केलीत ना? शेठ ठरलेलं उत्तर देत, ‘हे म्हणणं खरं नाही.’ टायपिस्टला ते इतकं पाठ झालं होतं, की शेठचं बोलून व्हायच्या आत ते कागदावर उतरलेलं असे.

या खेपेला समन्स आलं समाधानच्या खटल्याचं. नरडाण्याच्या एका कारखान्यातला हा हमाल. जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं करणारा नवा कायदा यायच्या आधीचं प्रकरण. तांब्याची तार चोरल्याचा आरोप. तार त्याच्या घरात सापडली असं पंचनामा सांगत होता, आणि दुसरा धड पुरावा नव्हता. दुसरे पंच मधल्या काळात वारले. जामीन राहायला कुणी मिळेना म्हणून समाधान आठ महिने आत होता, मग कसाबसा सुटून तारखा करत होता. आता तो पुन्हा आत जाणार की नाही, ते शेठच्या जिभेवर होतं.

आदल्या दिवशी किरण हवालदार पंचनाम्याची प्रत देऊन गेले. लिहिलंय तेच बोला, एवढंच म्हणाले. शेठ कागद घरी घेऊन गेले. पत्नी राजकुंवरनं चष्मा लावून तो वाचला आणि भिंतीकडे बघितलं. त्या वर्षी पर्युषणात तिनं आठ दिवसांचा उपवास केला होता, त्याच्या पारण्याची छापील पत्रिका तिथं फ्रेममध्ये होती. पारण्याची तारीख वीस सप्टेंबर. पंचनामा एकोणीसचा, दुपारी चार ते पाच.

“एकोणीसला संवत्सरी होती, पर्युषणाचा शेवटचा दिवस,” ती म्हणाली. “तुम्ही पौषधाचं व्रत धरून उपाश्रयात साधूंजवळ होता. दिवस-रात्र.”

शेठचा सगळा व्यवहार तिथीनं, त्यामुळे तारीख त्यांच्या डोळ्यांत भरलीच नव्हती. आता सगळं आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताना हवालदार आले होते. वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागायची म्हणून शेठनी त्यांना हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम’ म्हटलं, आणि त्याच हातानं सही केली. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

नात विधी धुळ्याला कायदा शिकायला बसनं जाते. तिला त्यांनी विचारलं. तिनं पुस्तकातलंच सांगितलं, की गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, सिद्ध करायचं ओझं सरकारवर, आणि रास्त शंका उरली तर फायदा आरोपीला.

“आणि तो खरंच चोर असला तर?”

“असेलही, दादाजी. ते ठरवायला कोर्ट आहे. तुम्ही काय पाहिलं तेवढं सांगायचं.”

काहीच पाहिलं नव्हतं, तीच तर गोम होती. खोटी सही केली म्हणून उद्या आपल्यावरच शेकेल, ठाण्याशी वाकडं येईल, या विचारानं शेठना जेवण गेलं नाही.

कोर्टात शपथ झाली. सरकारी वकिलांनी सही दाखवली. शेठनी ती आपलीच म्हणून ओळखली. मग समाधानचे वकील उठले. त्यांना ना संवत्सरी माहीत, ना पौषध. त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न नेहमीच्याच कंटाळ्यानं विचारला. टायपिस्टची बोटं चालू झाली.

“हे म्हणणं खरं आहे,” शेठ म्हणाले. “मी तिथं नव्हतो.”

टायपिस्टला अख्खी ओळ खोडावी लागली. दाराशी उभे असलेले किरण हवालदार खाली बघू लागले. न्यायाधीशांनी शेठना चांगलंच सुनावलं, पण जबाब लिहून घेतला. महिन्याभरानं निकाल लागला आणि समाधान पुराव्याअभावी सुटला. तार कुणी चोरली, हे कुणालाच कळलं नाही.

निकालाच्या दिवशी शेठ मुद्दाम गेले. बाहेर लिंबाखाली समाधानची आई लिलाबाई बसली होती. मोलमजुरी करून तिनं एकूण एक तारीख गाठली होती. शेठनी तिच्यापुढे हात जोडले, चुकलो म्हणाले, माफ करा म्हणाले. मन हलकं होईल अशी त्यांना आशा होती.

लिलाबाईनं राग केला नाही. खरंच माहीत नसलेली गोष्ट विचारावी तसं तिनं विचारलं,

“शेठ, आनखी कितला कागदवर शे तुमनी सही?”

शेठ आठवू लागले. बारा वर्षांतलं एकही नाव त्यांना आठवलं नाही, कारण सही करताना त्यांनी कुणाचं नाव कधी वाचलंच नव्हतं.