घुमणं थोडं लांबेल

दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्यांचं एक होतं, ते घंटेसारखं घुमतं आणि गप्प होतं. किती वेळ घुमायचं, हे जुन्या सिद्धांताने कधीच ठरवून दिलेलं आहे. त्या सिद्धांताला संस्थेत सगळे ‘थोरले’ म्हणत. थोरले प्रत्येक परीक्षेत पास होत, आणि दर वेळी संस्थेवर अवकळा पसरे. कारण तिथल्या प्रत्येक खोलीत त्यांना खोटं पाडण्यासाठी एकेक पगारी विद्वान बसवलेला होता.

कोपऱ्यातल्या खोलीतल्या विद्वानांची सूनही त्याच संस्थेत होती. अशा धडकांतून येणाऱ्या, यंत्रांनी टिपलेल्या गुरुत्वलहरी तपासणं हे सुनेचं काम. घरी ती त्यांना बाबा म्हणे, संस्थेत सर, आणि लिफ्टमध्ये काहीच नाही.

बाबांच्या सिद्धांताप्रमाणे ते घुमणं थोडं लांबायला हवं होतं. किती थोडं, ते एका आकड्यावर ठरे. मोजमापात तेवढं लांबलेलं दिसलं नाही की बाबा आकडा कमी करत. असा तो सिद्धांत वीसेक वर्षं तग धरून होता. फक्त अंगाने वाळत चालला होता. शेजारच्या खोल्यांतले सिद्धांतही याच पथ्यावर जगत होते.

बाबांची निवृत्ती तोंडावर आली आणि नेमकी तेव्हाच आजवरची सगळ्यात ठसठशीत लहर यंत्रांत उमटली.

अशा वेळी रिवाज असा होता : लहरीचा घुमण्याचा भाग झाकून ठेवायचा, प्रत्येकाने आपला आकडा फळ्यावर लिहायचा, मगच झाकण काढायचं. रिवाज चोख होता. लिहिणारे त्याहून चोख होते.

“बाबा, या खेपेला ‘सुमारे’ लिहू नका,” आदल्या संध्याकाळी ताटं पुसता पुसता सून म्हणाली.

“सगळेच लिहितात.”

“म्हणून तर कुणाचा मरत नाही.”

“कोण मरतंय?” सासूबाईंनी विचारलं.

“यांचा सिद्धांत.”

“अगंबाई, अजून आहे तो?”

बाबांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “जायच्या आधी कळायला तरी हवं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फळा भरला. एकाने ‘अत्यल्प’ लिहिलं. एकाने ‘शून्याच्या आसपास, पण शून्य नव्हे’. एकाने ‘परिस्थितीनुसार’. बाबांनी नुसता आकडा लिहिला आणि बाजूला झाले.

“सर, पुढे काही राहिलं का?” संचालकांनी काळजीने विचारलं.

“नाही.”

सुनेने झाकण काढलं. पडद्यावर रेघ उमटली. थोरले पास. ‘अत्यल्प’ पास, ‘परिस्थितीनुसार’ तर विशेष प्रावीण्यासह. बाबांचा आकडा रेघेपासून इतका लांब पडला होता की, तो दाखवायला सुनेला चित्र लहान करावं लागलं.

“माझा सिद्धांत चुकला,” बाबा म्हणाले.

खोलीत कुणाला कुठे बघावं कळेना. असं वाक्य त्या खोलीत पूर्वी कुणी उच्चारलेलं नव्हतं.

“‘चुकला’ जरा टोकाचं होतं,” संचालक म्हणाले. “‘मर्यादित झाला’ म्हणू या?”

“मेला तो. मर्यादित कसला.”

“सर, तुम्ही चाललात निवृत्त होऊन,” परिस्थितीनुसारवाले कळवळून म्हणाले. “आम्हाला अजून इथेच दिवस काढायचेत.”

संचालकांनी बाबांच्या हातात पेन दिलं. “दशांशचिन्हापुढे एक शून्य वाढवा फक्त. कुणी बघत नाहीये.”

सगळे बघत होते. बाबा फळ्यापाशी गेले, आकड्यासमोर उभे राहिले, पेनाचं टोपण काढलं. मग आकड्यावर एक सरळ काट मारली, टोपण लावलं आणि पेन संचालकांना परत दिलं.

खोली भराभर रिकामी झाली. संसर्ग होईल की काय अशी. बाबा मात्र हलले नाहीत.

“ते वाजतं कसं गं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही कधी ऐकलं नाहीत?”

“मी आकडा बघत होतो.”

सुनेने लहर आवाजात बदलून लावली. खालून चढत जाणारा एक हुंकार, आणि टुप्. गप्प.

“एवढंच?”

“एवढंच.”

बाबांनी खुर्ची ओढून घेतली. “पुन्हा लाव.”