सरकलेली कंडरा

क्लबात सगळे तिला वहिनीच म्हणत. तिची नणंद तिच्यासोबत बॅडमिंटनची दुहेरी खेळायची आणि कोर्टभर "वहिनी, पुढे! वहिनी, सोड!" असा घोशा लावायची. ते ऐकून पंचांपासून समोरच्या जोडीपर्यंत सगळ्यांनीच ते नातं उचललं. नणंदेला घरात बारकी म्हणत. आता तिला दारातून जाताना मान वाकवावी लागे, ती गोष्ट वेगळी.

एका सामन्यात वहिनीनं मागच्या कोपऱ्यात उडी मारली, डाव्या पायावर उतरली आणि पुढे झेपावणार तोच घोट्यात टक् असं वाजलं. जाड दोरी हाडावरून उडावी तसं. बारकीनंही ते ऐकलं.

घरच्यांनी पाय मुरगळलाय असं ठरवून बर्फ लावला. सूज उतरली, पण ते टक् काही जाईना. जिना उतरताना ती दोरी बाहेरच्या हाडामागून सरकून पुढे येई, आणि वहिनी कुणी बघत नाही असं पाहून अंगठ्यानं दाबून तिला जागेवर ढकले. नवऱ्यालाही तिनं कळू दिलं नाही. बोललं की खरं होईल, असं काहीसं तिच्या मनानं घेतलं होतं. पण ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि तिथे एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना पायानं दगा दिला. ती त्यांच्या मांडीवरच जाऊन आदळली. तेव्हा मात्र लपवणं संपलं.

"तुम्ही दोरी म्हणताय ती कंडरा आहे, स्नायूला हाडाशी जोडणारी," सर्जनबाई म्हणाल्या. "हाडामागे तिच्यासाठी खोबण असते आणि वरून एक पट्टा तिला धरून ठेवतो. तुमचा पट्टा फाटलाय, आणि खोबण मुळातच उथळ आहे. ती खोल करू, कंडरा आत बसवू, पट्टा शिवू."

"नाही केलं तर?"

"चालाल. पण खेळायचं म्हणत असाल तर कठीण आहे. आणि घासून घासून कंडराही विरत जाईल."

कमरेखाली भूल दिली. छातीवर हिरवा पडदा होता. पडद्यापलीकडे यंत्र घरघरू लागलं, थांबलं, पुन्हा लागलं. आपल्याच हाडाला भोक पडतंय आणि आपल्याला पत्ताही नाही, हे वहिनीला सहन होईना. दुखलं असतं तर बरं, असं तिला वाटून गेलं. भूलतज्ज्ञांनी विचारलं, "गाणं लावू का?" ती यंत्र पुन्हा कधी थांबतं तेच ऐकत होती.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. प्लास्टर निघालं, मग पायाला आधार देणारा जाड बूटही निघाला. व्यायाम सुरू झाले. पाय सुधारत गेला आणि भीती वाढत गेली. नवरा म्हणे, "घोट्याला किती कुरवाळतेस, कधी माझ्या डोक्यावरूनही हात फिरव." ती हसायची, पण हात घोट्यावरून निघत नसे.

एक दिवस फिजिओथेरपिस्टनं छोट्या लाकडी पायरीवरून एका पायावर उडी मारायला सांगितली.

"दुखतंय," वहिनी म्हणाली.

"कुठे?"

तिनं बोट ठेवलं.

"मागच्या वेळी वर दाखवलंत. त्याआधी टाचेत." तो काही रागावला नव्हता. स्टूल ओढून समोर बसला. "खरं काय ते सांगा ना, वहिनी."

तिनं बोट काढून घेतलं. "दुखत नाही. उतरले की ते वाजेल."

त्यानं तिचं बोट हाडामागे ठेवलं आणि पाऊल आपल्या तळहातानं अडवलं. "आता पाऊल बाहेर ढकला. जोरात." बोटाखाली कंडरा ताठ झाली, फुगली, पण जागेवरून हलली नाही. वहिनीनं डोळे मिटून घेतले होते.

"परत कधीच सुटणार नाही ना?"

"तसं लिहून नाही देणार. आज घट्ट आहे, एवढं तुमच्या बोटाला कळलंय."

त्या दिवशी तिनं उडी मारली नाही. पुढच्या खेपेला मारली, त्याचा हात धरून.

पुढे सर्जनबाईंनी परवानगी दिली आणि दोघी कोर्टवर उतरल्या. पहिल्या गेममध्ये वहिनीला मागे जावंच लागेना, कारण बारकी सगळीकडे होती. पुढे पडणारं फूल तिचं, मागे पडणारंही तिचंच. तोंडानं एक शब्द नाही, आणि धाप लागलेली.

"माझ्या कोपऱ्यात काय करतेस गं?" वहिनी कुजबुजली.

"मला अजून तो आवाज ऐकू येतो," बारकी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "तू उडी नको मारू. मी घेते सगळं."

स्वतःच्या भीतीपेक्षा मोठ्या भीतीपुढे उभं राहायची वहिनीला सवय नव्हती. "तू पुढे हो," ती म्हणाली. "परत मागे दिसलीस तर तुझ्या भावाला सांगेन."

त्यानंतरचं फूल उंच, खोल आलं. वहिनी मागे धावली, उडाली, मारलं आणि डाव्या पायावर उतरली. काहीच वाजलं नाही. ती तशीच घोट्याकडे बघत राहिली, बारकीही वळून घोट्याकडेच बघत राहिली, आणि परतून आलेलं फूल दोघींच्या मधोमध अलगद पडलं.

"वहिनी, खेळ चालू आहे," पंच म्हणाले.

सामना त्या हरल्या. वहिनी बाकावर बसली. बारकीनं पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, "शनिवारी परत?"

"भीती वाटते गं."

"मलाही."

"मग लवकर ये," वहिनी म्हणाली, आणि बुटाची नाडी सोडायला वाकली.