नावं वाचायच्या आधीचा गुलाल

बेळगावात मराठी चित्रपटांचा वार्षिक पुरस्कार सोहळा होता आणि बोरगावहून ट्रॅक्टर भरभरून माणसं आली होती. कारण एकच, जयाबाई. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या जयाबाईंनी, गावात चित्रीकरण झालेल्या एका सिनेमात खाष्ट सासू केली होती. आज सहायक अभिनेत्रीच्या पुरस्कारासाठी तिघींत त्यांचंही नाव होतं.

जयाबाईंना बक्षीस हवंच होतं. "घरंदाज बाई, आन् सिनेमात नाचतीया," म्हणून वर्षभर नाक मुरडणारी जाऊ गंगव्वा आज मागच्या रांगेत येऊन बसली होती.

"न्हाय मिळालं तर रं?" जयाबाईंनी दिराला, मायाप्पाला विचारलं.

"वैनी, हलगी आणलीया, गुलाल आणलाय. न्हाय कसं मिळंल?"

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बोरगावकरांना माहीत होता तो कुस्तीचा फड. कुस्ती संपली की भोंग्यावर एकच नाव येतं, जिंकलेल्या पैलवानाचं. नाव आलं की त्याला खांद्यावर घ्यायचं. सिनेमावाल्यांची रीत वेगळी. ते आधी सगळ्या स्पर्धकांची नावं वाचतात, मग पाकीट फोडतात. हे बोरगावकरांना कुणी सांगितलंच नव्हतं.

निवेदक म्हणाला, "सहायक अभिनेत्री. पहिलं नाव, बोरगावच्या जयाबाई..."

झालं! हलगी कडाडली. जयाबाई "अरं, थांबा रं!" म्हणेपर्यंत मायाप्पाच्या खांद्यावर होत्या आणि मायाप्पा रंगमंचावर. पाहुण्यांच्या पांढऱ्या कोटांवर गुलाल पडला. निवेदक "अहो, अजून ठरायचंय!" म्हणून ओरडत होता. शेवटी त्यानं घाबरून पाकीट फोडलं.

"मानकरी आहेत... हेमलता सरनोबत!"

हलगी थांबली. मागं गंगव्वानं तोंडाला पदर लावला.

"उतरवू का वैनी?" मायाप्पा कुजबुजला.

हेमलताबाई पायऱ्यांशी उभ्या होत्या. वर जायला वाटच नव्हती. भरजरी शालूवर गुलाल, आणि हसू आवरत नव्हतं. "जयाबाई," त्या खालूनच म्हणाल्या, "इतकी वर्षं काम केलं, पण मला नाही हो कुणी असं उचललं!"

जयाबाईंच्या तोंडून सिनेमातल्या सासूचाच आवाज निघाला. "भरमा! बघतोस काय मुडद्या? उचल की सूनबाईला!"

सभागृहात हशा पिकला. गावच्या पैलवान भरमानं हेमलताबाईंना अलगद खांद्यावर घेतलं.

"अहो, पडेन मी!"

"केस धरा त्याचं, आक्का. लई दाट हाईत!" जयाबाईंनी मायाप्पाच्या खांद्यावरूनच सांगितलं.

हलगी पुन्हा सुरू झाली. कोट झटकत पाहुणेही ठेक्यात पाय आपटू लागले. निवेदकानं माईकपाशी हात जोडले. "आता छायाचित्रणाची नावं वाचतो. कृपया कुणालाही उचलू नये!"

कुणाला ऐकू जाणार? मागच्या रांगेतून गर्दी ढकलत गंगव्वा पुढं आली होती आणि दिसेल त्याला बजावत होती, "सिनेमातली सासू आमची हाय! ती वर बसलीया न्हवं, ती माझी जाऊ हाय!"